चार कुत्रे आणि शेजारचा कापूस

आमच्या घरातले चार कुत्रे एका दुपारी मेंढ्या झाले, आणि ते काम मी एकट्याने केलं.

कुत्रे खरे नव्हते, चित्रातले होते. पण चित्र ओलं होतं आणि माझ्या मुलीचं होतं. म्हणजे खऱ्या कुत्र्यांपेक्षा जास्त चावणारं प्रकरण होतं.

प्राची आमची एकुलती एक. मी बसचा कंडक्टर, आता निवृत्त. तिची आई सुनंदा अंगणवाडीत. आमच्या दोघांच्या खानदानात चित्र म्हणजे भिंतीवरची बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर (आणि माझ्या आधारकार्डावरचा फोटो, जो कोणीतरी कोळशाने काढल्यासारखा दिसतो). अशा घरातली पोरगी नागपूरला चित्रकला शिकली, पुढे शिकायला बडोद्याला गेली आणि तिथेच राहिली. गेली दोन वर्षं घरी, समुद्रपूरला, यायची ती पाहुण्यासारखी. आज आली की उद्या बॅग दारात! "काम आहे बाबा," एवढंच सांगायची. काम नव्हतं, राग होता. आणि तो का होता ते मला पक्कं माहीत होतं. पण काही गोष्टी माहीत असल्या तरी माणूस त्या विचारत नाही.

तर यंदा जानेवारीत तिचा फोन आला. "बाबा, मी महिनाभर येऊन राह्यली. नागपूरला प्रदर्शन आहे, चित्र घरीच पूर्ण करते म्हणते. जागा आहे ना?"

जागा! तिच्या खोलीतली गव्हाची कोठी, कूलर, सुनंदाचं शिलाई मशीन आणि निरोप समारंभात मला मिळालेली डुलती खुर्ची मी तासाभरात बाहेर काढली. कंबर धरली. पण जागा झाली.

ती आली, सोबत अर्धवट रंगवलेला कॅनव्हास आला. आडवा, सुनंदाच्या उंचीएवढा लांब. आणि दुसऱ्या दिवसापासून खोलीत काम सुरू झालं. मला वाटत होतं चित्रकार ब्रशने रंगवतात. आमची पोरगी सुरीने रंग थापत होती! भाकरीवर लोणी माखावं तसा. घरभर असा वास सुटला की सुनंदाने केलेली वांग्याची भाजीसुद्धा नुकत्याच रंगवलेल्या खिडकीसारखी लागायची.

तीन आठवड्यांनी तिने आम्हाला आत बोलावलं. "पाहा."

पाहिलं. चार कुत्रे होते, असं तिनेच सांगितलं. एक निळा, एक लालभडक, एक हळदीसारखा पिवळा आणि उजव्या कोपऱ्यात एक पांढरट, धुरासारखा. सगळे सुसाट धावत होते, नाहीतर भांडत होते, नाहीतर एकच कुत्रा चार वेळा घाबरला होता. तीस वर्षं बसमधली डोकी मोजायची सवय. मी पाय मोजले. दोनदा अकरा भरले, एकदा नऊ.

"बाबा, हे दिसायसाठी नाई काढले," प्राची म्हणाली. "कुत्रा धावते तेव्हा जसं वाटते ना, तसं काढलं."

"कोणाले वाटते? आपल्याले का कुत्र्याले?"

"दोघांले."

मी मान हलवली. समजलं नाही, पण माझी मान हलवायला चांगली आहे.

शेजारच्या झाडेभाऊंना बोलावलं. झाडेभाऊ जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते, मलमपट्टी आणि टाके त्यांच्याकडे. आता निवृत्त होऊन शेती करतात, पण नजर अजून दवाखान्याचीच. त्यांनी चष्मा लावला, खाली बसून एकेक कुत्रा तपासला.

"थूलसाहेब, हा निळा गेला समजा. याले विषबाधा आहे. लालवाला पिसाळला, त्याच्यापासून दूर राह्यजा."

"अन् हा पिवळा?"

"कावीळ!"

"अन् कोपऱ्यातला?"

झाडेभाऊंनी बराच वेळ पाहिलं. "हा आहे का नाई, तेच समजून नाई राह्यलं."

आणि प्राची हसली. भिंतीला टेकून, पोट धरून हसली. दोन वर्षांत हा आवाज आमच्या घरात झाला नव्हता. सुनंदा स्वयंपाकघरातून बाहेर येऊन नुसती बघत राहिली. (त्यानंतर मी झाडेभाऊंना रोज चहाला बोलावू लागलो. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "बाप्पा, रोगी तेच आहेत, मी रोज काय नवीन सांगू?")

मग तो शुक्रवार आला. प्राचीला प्रदर्शनाचा हॉल पाहायला नागपूरला जायचं होतं. सोमवारी चित्र पोचवायचं होतं. निघताना ती दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, वरचा थर जाड आहे. पूर्ण वाळायले महिने लागतात. हात लावू नका, हलवू नका. काहीच करू नका."

"काहीच नाई करत," मी म्हणालो. निवृत्तीनंतर तेवढं एकच काम मला नीट जमत होतं.

पण महिने? आमच्या अंगणातल्या उन्हात सुनंदाच्या मुगवड्या दोन दिवसांत खडखडीत होतात! मला वाटलं, पोरगी बडोद्याला राहून इकडचं ऊन विसरली. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात दुसरंच होतं. चित्र वाळलं तर तिची एक काळजी मिटेल, ती खूश होईल आणि कदाचित प्रदर्शनानंतर परत घरीच येईल. बापाच्या डोक्यात असले विचार आले की समजावं, आता काहीतरी फुटणार.

मी कडा धरून, श्वास रोखून चित्र अंगणात आणलं. दोन खुर्च्यांवर ठेवून पेरूच्या झाडाला टेकवलं. कुत्र्यांच्या अंगावर छान ऊन पडलं. मी त्यांना "बसा आता" असं म्हणालोसुद्धा आणि चहा ठेवायला आत गेलो.

झाडेभाऊंच्या पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरला होता. तो विकायला नेणारी गाडी नेमकी त्याच दुपारी आली! दोन माणसं गठुडी बांधून बाहेर फेकत होती, तिसरा गाडीत उभा राहून कापूस पायाने दाबत होता. आणि वारा सुटला.

मी चहाचा कप घेऊन बाहेर आलो. लाल कुत्र्याच्या नाकावर एक पांढरा पुंजका बसला होता. मला आधी गंमत वाटली. मग दिसलं की निळ्याच्या पाठीवर दहा-बारा बसलेत, पिवळा तर कमरेपर्यंत गेलाय, आणि आमच्या कुंपणावरून ढगासारखा आणखी कापूस उडत येतोय. मी धावलो. चहा धावला. कप फुटला. मी पोचेपर्यंत पेरूच्या झाडाखाली चार मेंढ्या उभ्या होत्या.

"झाडेभाऊ! हे काय केलं!"

झाडेभाऊ कुंपणावर आले. डोक्यावर कापूस, मिशीत कापूस. "मी काऊन? मी माह्या अंगणात कापूस भरून राह्यलो! तुमी कुत्रे बाहेर काऊन सोडले?"

"वाळत घातले होते!"

त्यांनी वाकून बघितलं. "पण एक सांगू का? आता बरे दिसून राह्यले. तब्येत भरली."

मी फुंकर मारली. कापूस उडाला, हवेत एक गिरकी घेतली आणि अर्धा हात पुढे जाऊन पुन्हा बसला. मी आतून टेबलफॅन आणला, वायर ओढली, पूर्ण जोरात लावला. पण फॅनची पाठ झाडेभाऊंच्या गाडीकडे होती, त्यामुळे तिकडचा कापूस ओढून त्याने इमानेइतबारे आमच्या चित्रावर फेकला. मग काटा काढायचा चिमटा आणला. एक तंतू ओढला की त्याच्याबरोबर रंगाची तार निघायची, शेवयांसारखी. अर्ध्या तासात मी तीस तंतू काढले आणि पिवळ्याच्या पाठीवर माझ्या अंगठ्याचे चार ठसे उमटवले. पोलिसांना शोधायचीही गरज नव्हती.

एवढ्यात सुनंदा अंगणवाडीतून आली. फाटकातच थांबली.

"कुत्र्यांले स्वेटर कोणी घातले?"

"तू जेव. मी पाहतो."

"तुमी पाह्यलं म्हणूनच तं हे झालं ना!" एवढं बोलून ती आत गेली. परातीत पीठ आदळल्याचा आवाज आला.

मला डेपो आठवला. बसवर सांडलेला ऑइल पेंट आम्ही टर्पेंटाइनने पुसायचो. प्राचीच्या खोलीत बाटली होती! मी माझं जुनं बनियन घेतलं, त्याचा बोळा केला. सुरुवात कोपऱ्यातल्या पांढरट कुत्र्यापासून करायची ठरवली. जो आहे की नाही तेच समजत नाही, तो थोडा बिघडला तर कोणाला कळणार?

हलकेच एक हात फिरवला. कापूस निघाला. कुत्राही निघाला.

आता तिथे नुसता चिखल! मी घाबरलो. घाबरलेला माणूस थांबत नाही, तो जास्त पुसतो. मी आणखी टर्पेंटाइन ओतलं, आणखी पुसलं, आणि वरचा ओला थर जसजसा निघाला तसतसा खालून वाळलेला काळा रंग वर येऊ लागला. आधी मला वाटलं भोक पडलं. मग त्या काळ्यात एक तपकिरी डोळा दिसला. मी बोळा बदलला. आता एकदम हळू, झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून पदर काढावा तसा पुसत गेलो. नाक आलं. छातीवरचा रुपयाएवढा पांढरा ठिपका आला. आणि मग डावा कान आला, मधून फाटलेला, वाकडा शिवलेला.

"सुनंदा," मी हाक मारली.

कशी मारली कोणास ठाऊक. ती पिठाच्या हाताने धावत आली. चित्राकडे बघितलं. खाली मातीतच बसली.

"डिझेल," ती म्हणाली.

डिझेल आमचा कुत्रा. प्राची चौथीत असताना मला तो डेपोत डिझेलच्या पंपाखाली सापडला. तेवढाच काळा, तेवढाच वास. मी तिकिटांच्या पेटीवर बसवून घरी आणला. तेरा वर्षं तो प्राचीचा होता. आमचा नव्हताच, आम्ही फक्त भाकरी टाकणारे. ती बडोद्याला गेली तेव्हा तो महिनाभर तिच्या खोलीच्या उंबऱ्यात डोकं ठेवून पडायचा. आणि दोन वर्षांपूर्वी, तिची शेवटची परीक्षा सुरू असताना, म्हातारपणाने गेला.

मी ठरवलं, पोरीला सांगायचं नाही. परीक्षा होऊ द्यायची. बारा दिवस मी फोनवर खोटं बोललो. "हाव, मजेत आहे. हाव, उन्हात पडला आहे." आठव्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, त्याच्या तोंडापाशी फोन धरा ना. मले त्याचा आवाज ऐकू द्या."

आता सांगायला लाज वाटते. मी फोन घेऊन न्हाणीघराच्या मागे गेलो, तोंडावर हात धरला आणि भुंकलो. दोनदा मोठ्याने आणि एकदा लाडाने! वर म्हणालो, "पाह्य, ओळखलं त्याने तुले." पलीकडून ती "बरं," म्हणाली, आणि फोन ठेवला. बाराव्या दिवशी, पेपर संपल्यावर, मी खरं सांगितलं. ती रडली नाही, भांडली नाही. फक्त तिचं घरी येणं आटलं.

आम्ही दोघं तसेच चित्रासमोर बसून होतो. झाडेभाऊ कुंपण ओलांडून आले. त्यांनी एकदाच बघितलं आणि ओरडले, "अरे, हा टाका माहा आहे!"

खरंच त्यांचा होता. डिझेलचा कान त्यांच्याच काटेरी तारेत फाटला होता आणि त्यांनीच शिवला होता, घाईत, वाकडा. "दोरा कमी पडला होता त्या दिवशी," ते म्हणाले, आणि मिशीतला कापूस काढायच्या निमित्ताने तोंड फिरवून उभे राहिले.

साडेपाचच्या गाडीने प्राची आली. अंगणात तिचं स्वागत असं झालं: बाप हातात काळं बनियन घेऊन, आई पिठाने माखलेली, शेजारी कापसाने, आणि मध्ये तीन मेंढ्या आणि एक कुत्रा. मी दुपारभर पाठ केलेलं भाषण विसरलो.

ती सरळ चित्राजवळ गेली. डिझेलच्या फाटक्या कानावर तिने एक बोट ठेवलं.

"कशाने पुसलं?"

"टर्पेंटाइन."

"किती?"

"अर्धी बाटली." मी खाली मान घातली. "प्राची, चित्राचं तं झालंच. पण मले तुले दुसरंच सांगायचं होतं. तेव्हा फोनवर…"

"मले माहीत होतं."

"कधीपासून?"

"तुमी भुंकले तेव्हापासून." ती अजून चित्राकडेच पाहत होती. "बाबा, डिझेल फोनवर कधीच भुंकला नाई. तो फोन चाटायचा. मले नुसतं चपचप ऐकू यायचं."

सुनंदाने माझ्याकडे असं पाहिलं की मला पुन्हा न्हाणीघरामागे जावंसं वाटलं.

"मंग तेव्हाच काऊन नाई बोलली?"

"काय बोलू? तुमी एवढं मन लावून भुंकून राह्यले होते." ती हसायला गेली आणि ते हसू मध्येच मोडलं. "मी वाट पाहत होती, तुमी कवा सांगता. रोज फोन करायची. तुमी सांगितलं असतं तं रडली असती. तुमी सांगतच नव्हते, तं मी कशी रडू?"

मग ती रडली. दोन वर्षं साचलेलं, हुंदके देऊन, सुनंदाच्या पिठाळ खांद्यावर. झाडेभाऊ "येतो मी, गाडीवाला थांबला" म्हणून निघाले. गाडी केव्हाच गेली होती.

नंतर तिने सांगितलं. बडोद्यात तिने पहिल्यांदा त्यालाच काढलं होतं, जसा होता तसा. चित्र वाळलं आणि तिला रोज त्याच्याकडे बघवेना. म्हणून वरून पांढरा रंग थापला आणि तो दिसू नये म्हणून बाजूला तिघं धावते केले.

"आता काय करतं?" सुनंदाने विचारलं.

"त्याले राहू देते आता. निघाला तं निघाला."

शनिवार-रविवार ती बाकीच्या तिघांचा कापूस काढत बसली. निघाला तेवढा काढला, रुतला तो राहू दिला. आणि काम करता करता मला विचारत गेली. शेवटी जेवत होता का? कुठे पडायचा? कुठे पुरलं? मी सगळं सांगितलं. शेवटच्या संध्याकाळी तो कसाबसा उठला, भिंतीला घासत घासत गेला आणि तिच्या खोलीच्या उंबऱ्यात जाऊन पडला, हेसुद्धा. झाडेभाऊंच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभळीखाली आम्ही त्याला ठेवला, आणि झाडेभाऊंनी स्वतः खड्डा खोदला, हेसुद्धा. रविवारी सकाळी आम्ही तिघं तिथे जाऊन आलो. ती बाभळीला पाठ लावून बसली होती आणि मला सारखं वाटत होतं, हा सोमवार यंदा नाही आला तरी चालेल.

पण सोमवारच तो, आला. आम्ही तिघंही प्रदर्शनाला निघालो. मी निरोप समारंभातला सफारी इस्त्री करून घातला होता. बसचा नवा कंडक्टर ओळखीचा. चित्र पाहून थबकला.

"काका, हे काय?"

"चित्र. कुत्र्यांचं."

"चावत तं नाई ना?"

ओलं असल्यामुळे गुंडाळता येत नव्हतं. शेवटच्या लांब सीटवर आडवं उभं केलं. एका बाजूने सुनंदाने धरलं, दुसऱ्या बाजूने प्राचीने. तिच्याजवळची खिडकी आतून लागेना. "धूळ बसते बाबा," ती म्हणाली. मी खाली उतरलो, मागे गेलो आणि बाहेरून काच ढकलली. दोन बोटं फट ठेवून ती अडकली.

त्या फटीतून प्राची दिसत होती. तिच्या खांद्यामागे तो तपकिरी डोळा. "प्रदर्शन झालं की आठ दिवस घरी येते," ती म्हणाली. मला म्हणायचं होतं, आठ कशाला, महिनाभर ये. खोली रिकामीच आहे, कूलर मी पुन्हा आत ठेवलेला नाही. पण तोंडातून बाहेर पडलं ते एवढंच, "बसले ना सगळे?"

"हाव, बसले."

आणि माझा हात आपोआप वर गेला. बसच्या पत्र्यावर मी दोन थापा मारल्या, कडक, जुन्या जोरात. "चला!"

ड्रायव्हरने गाडी काढली.

"बाबा! अवो बाबा!" प्राची फटीतून ओरडत होती. सुनंदाने चित्र सोडून कपाळाला हात लावला. मी सफारीत धावत होतो. स्टँडवरचे लोक बाजूला होऊन वाट देत होते. दारातून नव्या कंडक्टरने अर्धं अंग बाहेर काढलं आणि हात हलवून ओरडला, "काका, थांबजा! मागून गाडी आहे!"

तीस वर्षं मी ह्याच स्टँडवर, ह्याच दारात उभं राहून, धावत येणाऱ्या लोकांना हेच सांगितलं होतं. मागून गाडी नसते!